छत्तीसपैकी

लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाल्यावर
आम्ही पुन्हा स्थळं बघायला निघालो,
ॲरिझोनात, फेब्रुवारीत,
टोलीडोच्या दारातला बर्फ
शेजारच्या पोरावर सोपवून.

श्रीरंगने पत्रिका आधीच मांडलेल्या.
लॅपटॉपवर रकानेच रकाने:
महिन्याची वर्गणी, कर, छपराचं वय,
हृदयाचा डॉक्टर किती मैलांवर,
पिकलबॉलची कोर्टं किती
(आम्ही दोघंही खेळत नाही),
आणि जमिनीतलं पाणी अजून किती वर्षं पुरेल.
हा शेवटचा सगळ्यांचाच रिकामा.

पहिलं स्थळ साग्वारो मेडोज.
नऊ हजार घरं, सगळी एकाच आईची.
मुलीकडून लोरेटा नावाची बाई बोलत होती,
पोह्यांच्या जागी ओटमीलची बिस्किटं.
तिने तळं दाखवलं.
उतरायचं नाही. मासा धरायचा,
त्याच्याकडे बघायचं, परत सोडायचा.
नातवंडांना वर्षाला तीस दिवस.
"आणि एकतिसाव्या दिवशी?" मी विचारलं.
ती हसली. आमच्याआधीही कुणीतरी विचारलं असणार.

दुसऱ्यात आपली माणसं होती.
देशी क्लब, दोनशे सभासद,
त्यात दोन तट, एकमेकांशी अबोला.
म्हणजे अगदी घरच्यासारखं.
श्रीरंगने गुण दिले, मग अर्धे कापले.

तिसरं कॉपर मेसा,
सरप्राइज नावाच्या गावाला लागून.
तुळस चालेल, पण कुंडीचा रंग कमिटी ठरवणार:
वाळू, फिकी वाळू, गडद वाळू.
पण तिथे सुतारशाळा होती. खरी.
भुशाचा वास, कानावर पेन्सिली.
डेलबर्ट म्हणून एकजण मेस्कीटचे वाडगे करतो,
यंदा चाळीस झाले, बायको म्हणते आता बास.
एक त्याने श्रीरंगच्या हातात ठेवला
आणि श्रीरंग तिथून हलेचना.
मी तेवढ्यात कॅफेत विचारून आले:
रविवारी जेवण मिळतं का,
रात्री किती वाजेपर्यंत,
सांगितलं तर मीठ कमी घालतात का.
याला वाटलं, मी स्वयंपाकाला कंटाळले.
वाटू दे.

रात्री मोटेलात तो घोरत असताना
बेरीज बघावी म्हणून लॅपटॉप उघडला.
उजवीकडे, पडद्याच्याही पलीकडे,
एक रकाना करंगळीएवढा अरुंद करून ठेवलेला.
ओढून रुंद केला.
वर लिहिलं होतं: वि. एकटी.

साग्वारो चार. गॅरेजचं दार हाताने उचलायला जड.
देशी क्लब सहा. शेजारीण बोलकी, जरा जास्तच.
कॉपर मेसा आठ.
दवाखान्याकडे डावीकडे वळताना
बाणाचा सिग्नल आहे.

अठ्ठ्याऐंशी सालच्या त्या धडकेनंतर
बाण नसला तर मी डावीकडे वळत नाही.
तीन उजवी वळणं घेऊन पोचते.
त्यावरून आजवर चेष्टाच केली याने.

मग मी दुसरा रकाना शोधला.
श्री. एकटा.
खाली गेले, वर गेले, दुसरं पानही बघितलं.
नव्हता.
आयुष्यभर पूल बांधणारा माणूस,
पुरापासून भूकंपापर्यंत सगळं धरायचा हिशेबात,
आणि ही एक शक्यता धरलीच नाही.

रकाना होता तेवढा परत अरुंद केला.

सकाळी म्हटलं, कॉपर मेसाला पुन्हा जाऊ,
मला ती गोल्फ कार्ट चालवून बघायचीय.
"तुला?"
मला.
तो शेजारी बसला, मांडीवर वाडगा, दोन्ही हातांनी धरून.
मी आधी चुकून रिव्हर्स टाकला,
केवढ्यांदा किंचाळते ती गाडी!
मग पुढे. मग कोपरा आला.
डावीकडे. बाण नव्हता,
समोरून पांढऱ्या टोपीतली एक म्हातारी येत होती
तिच्या कार्टमधून, भरधाव,
आणि मी पायाने ब्रेक चाचपत
याला विचारत होते, हॉर्न कुठाय, अहो, हॉर्न.