तिऱ्हाईत

मोडी वाचणारे आता इंदुरात चार-पाचच उरलो,
म्हणून झंवर वकिलांनी बोलावलं.
लाल कापडातला बस्ता, कोपरे वाळवीने खाल्लेले.
दावा चामली नाल्याचा:
अलीकडे बिजलखेडी, पलीकडे आक्या बुजुर्ग,
मधे श्रावणात कमरेइतकं
आणि वैशाखात हातभर पाणी.
दोनशे वर्षं.

मी वाचत गेले. लेखणी न उचलता लिहिलेलं सगळं,
जणू हात थांबला
तर मधेच दुसरं कुणी बोलेल.
'साहेब बहादूर छावणीहून घोड्यावर आले.
उभयतांचे म्हणणे दुभाष्याकरवी ऐकिले.
ऊन फार, सबब तंबूत गेले.
सायंकाळी दगड पुरला.'

दगड पुरला, हे खरं.
आणि हेही सांगायला हवं, की त्यानंतर
नाल्याकाठी मुडदा पडल्याची नोंद नाही.
त्याआधीच्या यादीत तेरा जण आहेत,
एक 'मूल, वय वर्षे सात, गुरे वळीत होते'.
मी चष्मा पुसला.
साहेबाला शिव्या देणं सोपं असतं
त्या ओळीपर्यंत.

पुढे अर्ज, फेरअर्ज, अर्जावर अर्ज,
सगळे रेसिडेन्सीच्या फाटकाकडे तोंड करून लिहिलेले.
शेजाऱ्याला उद्देशून एक ओळ नाही.
आक्याचा पाटील बिजलखेडीला 'ते लोक' म्हणतो,
त्याची सख्खी बहीण तिथे दिलेली.
साहेब बदलत राहिले. एकाला शिकारीचा नाद, एकाला मोजणीचा,
एकाने दगड वीस हात सरकवला,
कारण नकाशावर दौत सांडली होती.

तळाशी एक चिटोरं.
त्यावर मोहोर नाही.
त्या साली साहेब तापाने अंथरुणात,
आणि पाणी तर वैशाखातच हवं.
'उभय गावचे बसलो. नवव्या दिवशी ठरले:
घटिपात्र चिंचेखाली ठेवावे.
पात्र बुडे तो पाणी तुमचे, पुढील पात्र आमचे.
पात्रापाशी तुमची एक म्हातारी, आमची एक.'
खाली निशाण्या: दोन नांगर,
सुताराचा वाकस, वाण्याची तागडी,
आणि एक वाकडी फुली, जिच्यापुढे नाव नाही.

चार वैशाख ते पात्र बुडत राहिलं.
चारच.
पाचव्याला नवा साहेब आला
आणि दोन्ही गावं धावली,
आधी कोण पोचतं ते बघायला.

'मोहोर नाही?' झंवर म्हणाले,
'मग ताई, तो कागदच नाही.'

कोर्टासमोरच्या टपरीवर टीव्ही चालू होता.
कुठल्याशा दूर देशात विमानाच्या शिडीवरून
एक उंच माणूस उतरला,
दोन जुन्या वैऱ्यांचे हात
कॅमेऱ्यासमोर एकात एक दिले.
दोघेही त्याच्याकडे बघत होते.

बाकाच्या या टोकाला वादी, दुलेसिंह सोनगरा,
त्या टोकाला प्रतिवादी, रतनलाल आंजना.
सांवेरहून एकाच बसने येतात,
पोह्यांचे पैसे आळीपाळीने देतात,
बोलतात मात्र वकिलांमार्फत.
'कंई निकल्यो, बेन?' दुलेसिंहांनी विचारलं.
मी ते चिटोरं वाचलं, दोघांना ऐकू जाईल असं.

बराच वेळ नुसती स्टोव्हची घरघर.
मग रतनलाल, नजर टीव्हीवरच:
'चिंच पडली गेल्या साली. वादळात.'
'पडली कसली. तुमच्याकडच्यांनी तोडली.'
'बुंधा आहे अजून.'
'आहे,' दुलेसिंह म्हणाले.
'पालवी फुटलीय त्याला.'

पुढची तारीख सतरा.
माझं बिल पानांवर असतं.
बासष्ट पानांचं घेतलं,
चिटोऱ्याचं सोडून दिलं.