तळहातावरची नोंद

शाल्मली सोप्यावरून पडली, तो आवाज
मी चुलीपाशी ऐकला. वाटलं,
खालच्या भाटात माडावरून असोला पडला.
मी पोळी उलटलीसुद्धा.
एवढं कुणाला सांगितलेलं नाही.

मग ती रडली, अख्ख्या मालारला ऐकू जाईल अशी.
ते रडणं चांगलं होतं हे नंतर कळलं.
तेव्हा मी "गप, गप" म्हणत होते.

कपाळावर टेंगूळ आलं,
आवळ्याएवढं, बघता बघता लिंबाएवढं.
मंदाक्का हळद घेऊन आली, तिच्यामागून कुणी साखर.
कुणी म्हणालं दृष्ट. कुणी म्हणालं, झोपू देऊ नको.
कुणी म्हणालं, झोपू दे गं, दमलंय पोर.
सगळे टेंगळाकडे बघत होते.

एर्मेलिंदा मायनं टेंगळाकडे बघितलंच नाही.
तीस वर्षं कुवेतच्या इस्पितळात रात्रपाळी केलेली बाई,
दारात चपला काढता काढता म्हणाली,
"बाय, वरचं फुगलेलं सगळ्यांना दिसतं.
तू आत बघ."

आत म्हणजे कुठे?
डोळ्यांत. टॉर्च मार, दोन्ही बाहुल्या सारख्या आकसतात का.
नाकातून, कानातून पाण्यासारखं काही गळतं का.
चालताना झोक जातो का.
झोपली तर झोपू दे, पण हाक मारून बघ:
जागी होते, की नुसती कूस बदलते.
"आणि उलटी. एखादी रडून रडूनही होते.
दुसरी झाली, तर माझी वाट बघू नको.
कुणाचीच बघू नको."

कागद हाताशी नव्हता. मी मास्तरीण,
तळहातावर निळ्या पेनानं लिहीत गेले.
पावणेसात, पडली.
सव्वासात, उलटी. (दुपारी फणसाचे गरे खाल्ले होते.
मी सगळं गऱ्यांवर ढकललं.)
आठ, मांजराचं नाव विचारलं. बरोबर.
साडेआठ, डोकं दुखतं म्हणाली.

नऊला हलवून उठवलं. वेळ लागला.
डोळे अर्धे उघडून म्हणाली,
"पप्पा आला?"

पप्पा जहाजावर. नॉर्वेच्या कुठल्याशा बंदरात
परक्यांच्या बशा मोजत असणार.
चवथीपर्यंत येणार नव्हता.
पण हे तिचं रोजचंच. रोज झोपेत हेच विचारते.
मग आज हे काय होतं?
आठवण, की डोक्यातला मार?
पेन हातावर टेकलेलं. लिहू, की नको?

तेवढ्यात दुसरी उलटी.
त्यात गरे नव्हते. नुसतं पिवळं पाणी.

मंदाक्काच्या सुभाननं स्कूटरचा हॉर्न
धक्क्यापर्यंत दाबून धरला.
फेरीबोट सुटून नदीच्या मध्यावर.
तांडेलानं काय ओळखलं कोण जाणे, दिवा आमच्याकडे वळला.
ही नदी एवढीशी, दिवसा पलीकडची हाक ऐकू येते.
बोट परत यायला किती वेळ लागतो
ते मी त्या रात्री श्वासांत मोजलं,
तिच्या, माझ्या नव्हे.

बांबोळीला डॉक्टरीण कोवळी, माझ्या विद्यार्थिनीसारखी.
"किती वाजता पडली?"
मी हात पुढे केला.
घामानं शेवटची ओळ फिसकटली होती.
बाकीचं तिनं जसंच्या तसं केसपेपरवर उतरवलं.

स्कॅनमध्ये एक रेघ निघाली, केसाएवढी.
दोन रात्री ठेवून घेतलं.
"आणलंत ते बरं केलंत," ती म्हणाली.
शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही,
जिच्या मुलाच्या स्कॅनमध्ये काही म्हणता काही नव्हतं,
तेच म्हणाली, त्याच आवाजात.

शाई आठवड्यात गेली.
शाल्मली आता बरी आहे, सोप्यावर चढते, ओरडा खाते.
रात्री मध्येच विचारते, पप्पा आला?
नाही गं, म्हणते मी,
आणि उशाखाली टॉर्च चाचपते.