लिटमस

मानेवाड्याला आमच्या प्लॉटची माती काळी,
मे महिन्यात मनगट जाईल एवढ्या भेगांची.
कापसाला चालते. संत्रंही सोसतं.
ब्लूबेरीला नाही.

प्रदर्शनातून दोन झुडपं आणली तेव्हा
शकुन एवढंच म्हणाली,
"जांभळाले काय झालं होतं?"
तिच्या माहेरी, तिरोड्याकडे,
चारं आणि टेंभरं फुकट.
इथे एक रोप तीनशे ऐंशीला.

बत्तीस वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत
ब्युरेट धुतल्या.
आम्ल कोणतं, अल्क कोणतं,
बाटलीचं बूच निघताच नाकाला कळायचं.
शेवटच्या दिवशी लिटमसची एक वही
खिशात राहिली.
चोरली म्हणा. झोडे सरांना माहीत होतं.

या झाडाची रीत अशी:
मातीत निळा कागद लाल झाला,
तरच फळ निळं.

म्हणून अर्धा कापलेला ड्रम,
त्यात नारळाचा भुसा, सुरूची वाळकी पानं,
चिमूटभर गंधक.
बोअरचं पाणी मात्र क्षाराचं,
पातेल्याला पांढरं अस्तर लावणारं.
तेव्हा लांजेवारांनी, काही न विचारता,
एसीची ठिबकती नळी
भिंतीवरून आमच्याकडे वळवली.
ऊन जितकं जास्त, पाणी तितकं जास्त.
सेहेचाळीस अंशांत मला हिशेब पटला.

झाडाला पटला नाही.
पूर्वेकडचं चार दिवसांत
चहाच्या चोथ्यासारखं झालं.

पाचव्या दिवशी पाहतो तर
कुलरची एक बाजू उघडी,
आणि तिचा वाळा, ओला,
उरलेल्या झुडपाभोवती सुतळीने बांधलेला.
मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.
रात्रभर पंखा गरम हवा
इकडून तिकडे सरकवत राहिला.

पुढच्या मार्चात सात फळं धरली.
तीन बुलबुलाने नेली,
एक बहुतेक लांजेवारांच्या नातवाने.
उरलेल्या तिन्हींना शकुनने
जांभळासारखं मीठ चोळलं,
डोळे मिटून एक चावलं.
"फिक्कं आहे."
दुसरं चावलं.
तिसरं माझ्याकडे सरकवलं.

मग भांडी घासता घासता,
माझ्याकडे पाठ करून:
"जोडीले एक आणजा.
एकट्याले करमत नसन त्याले."

वहीत पाच पट्ट्या उरल्यात.
एक आज फाडली,
ड्रमच्या ओल्या मातीत टोचली,
आणि उकिडवा बसून राहिलो,
अजून निळीच.