टिंब

सातपूरला स्टोअरमध्ये लागले तेव्हा
माझं इंग्रजी पाट्यांपुरतं होतं.
नो पार्किंग. नो एन्ट्री.
गेटवर ‘नो व्हेकन्सी’ लटकत होती,
तिच्याच खालून मला आत घेतलं.

पहिलं चलान : हेक्स बोल्ट, एम-आठ,
चाळीस, आणि पुढे एन, ओ, एस, टिंब.
मी मोठ्यांदा वाचलं, चाळीस नकार.
कुशारे साहेब बशीत चहा सांडेपर्यंत हसले.
“नग, बाई, नग म्हणायचं त्याला.
नो म्हणजे नंबर.
मूळ शब्द न्यूमेरो. कुण्या कारकुनाने
डोकं नि शेपूट ठेवलं, मधलं कापून टाकलं.”
“आणि नाही म्हणायचं असेल तर?”
“तर टिंब द्यायचं नाही.”

सव्वीस वर्षं मी टिंब देत आले.
वॉशर दोनशे. सर्क्लिप साठ.
टोकन नो टिंब तीनशे बारा, ती मी.
मीटर नो टिंब, गॅस नो टिंब,
दवाखान्यात बापूंच्या खाटेचा नो टिंब.
बढतीच्या यादीत ‘एसआर नो’ बघून
जयवंता म्हणायची, सीनियर? नो!
आणि डबा उघडायची, कारल्याची भाजी.
लग्नाचं मला कुणी विचारलंच नाही,
म्हणजे नकारही द्यावा लागला नाही
आणि नंबरही लागला नाही.

आता सीबीएसजवळ, स्टॅम्पवाल्याच्या टपरीपुढे,
उत्तमने पाठपोट टाइप केलेला कागद धरलाय.
मखमलाबाद शिवार, बापूंचे अठरा गुंठे,
आता एन.ए. झालेले.
त्या एनचाही अर्थ नाहीच,
पण त्यानेच भाव चौपट केलाय.
वर मथळा एन.ओ.सी., ना हरकत.
असला कसला हा नो,
की ज्याच्यावर सही केली की हो होतं?

“ताई, तीन नंबरला तुझी सही.
वहिनीने शिरा केलाय, चल लवकर.”
रस्त्यावर द्राक्षांचा एक क्रेट फुटलाय,
पोरं चाकांखालून मणी वेचतायत.
टायपिस्ट पुढच्या गिऱ्हाइकाला विचारतो, नाव?

मी कागद बघते. तक्त्याच्या डोक्यावर
एसआर, टिंब. एनओ, टिंब.
खाली एक, उत्तम. दोन, त्याची बायको.
तीन, रिकामी जागा.

पर्समध्ये स्टोअरची व्हाइटनरची बाटली आहे,
रिटायर होताना परत करायची राहिलेली.
टोपण घट्ट बसलंय, दाताने काढलं.

“काय खोडतेस?” उत्तम विचारतो.
“काही नाही रे. टिंब.”
“कुठलं टिंब?”

कागदावर फुंकर घालते.
वाळायला दोन मिनिटं लागतात,
म्हटलं, थांब जरा.