नोंदवही: सुर्ल्याचा सडा

भाद्रपदात सुर्ल्याच्या सड्यावर
धुकं इतकं खाली बसतं
की झाडं मोजायला गुडघ्यांवर यावं लागतं.
अकरा भरली.
मागच्या साली चौदा होती.

फूल म्हणजे हिरवट कंदील, बोटाच्या दोन पेरांएवढा.
आत केस, सगळे खाली तोंड करून.
चिलटाएवढी माशी घसरते, रात्रभर कोंडते.
सकाळी केस सुकतात, दार सैल होतं,
ती सुटते, तोंडाला परागांची पिवळी जोडपिशवी अडकवून,
आणि शहाणी होत नाही.
लगेच दुसऱ्या कंदिलात शिरते.
सगळा वंश या विसराळूपणावर उभा.

माशी फिरकली नाही त्या फुलांत
मी भिंगाखाली पापणीचा केस घेऊन माशी झाले.
सात फुलं. एका फुलाला शेंगा धरल्या,
दोन, पाडसाच्या शिंगांसारख्या.
भागी झोरेने त्यांना लुगड्याच्या चिंधीची पिशवी बांधली.
"उडून जातली गो. पोटात म्हातारी आहे तिच्या."

बेचाळीस म्हाताऱ्या निघाल्या,
प्रत्येकीला पांढरी रेशमी शेंडी.
वीस ताळगावच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदावर निजवल्या;
सहाव्या दिवशी अठरा जाग्या.
उरलेल्या बावीस डबीत. चिठ्ठी, तारीख, फ्रिज.
पुढच्यासाठी.

चैत्रात डबी उघडली.
तिसरा दिवस, नववा, एकविसावा.
मग बुरशी.
मी शून्य लिहिलं, फार नीट, गोल.

भागी म्हशीचं दावं सोडत होती.
"ठेवलंस कशाला?" म्हणाली,
जसं शिळ्या दुधाबद्दल विचारावं.
मग दाव्याकडेच बघत:
"ह्याचे कांदे खायचो आम्ही. गुरांमागे असताना.
काठीनं उकरून, सोलून. खोबऱ्यागत लागतात.
एका दुपारी मी एकटीनं..."
आकडा सांगितला नाही.
बोटं पदराला पुसली, कोरडीच होती ती.

ज्येष्ठ सरताना अठरा रोपं वर नेली.
जांभ्याच्या भेगांत, मूठभर माती साचते तिथे,
भागी काठीने उकरत गेली,
मी मागून एकेक ठेवत गेले.
सतरा झाली.
पाटी रिकामी होती.

तिच्या गोठ्यामागे, पागोळ्या पडतात त्या दगडाशी,
चार काटक्यांचं इवलं कुंपण दिसलं.
म्हशीचं तोंड पोचू नये एवढंच उंच.
मी चहा प्याले. पावसाबद्दल बोललो.

वहीत लिहिलं:
सतरा लावली. एक गहाळ.