डब्बा बोलतो

पुस्तकला नान्हे तिचं नाव.
नावात पुस्तक, हिशोब मात्र विटेवर :
पावाला कोळशाची एक उभी रेघ,
आडवी मारली की उधार.

बर्डीवर, बंद पडलेल्या बँकेच्या पायरीशी
आम्ही शेजारी.
माझे पट्टे, पाकिटं, मोबाइलची कव्हरं.
तिची टोपली : उकडलेले शिंगाडे,
काळे, शिंगं रोखलेले,
ओल्या तरटाखाली वाफ धरून.
भाऊ पोतं पाठवतो पहिल्या एसटीने,
रामटेककडच्या तळ्यातून.
नखांतला काळा रंग
पोरीच्या लग्नातही निघाला नव्हता म्हणे.

सकाळी कानात बाळीवाला येतो.
नऊशे देतो, रात्री हजार नेतो.
शंभर कशाचे, मी एकदाच विचारलं.
"दिवसाचे," म्हणाला.
जणू दिवस त्याच्या नावावर,
आम्ही भाडेकरू.

दिवाळीत भाच्याने डब्बा लावून दिला.
स्टिकर तिच्या टोपलीला, खातं त्याचं.
"बीस रुपये प्राप्त हुए," डब्बा ओरडतो
आणि ही मान हलवते,
पाहुण्याचं बोलणं पुरतं न कळल्यासारखी.
"आवाज माह्याकडं येते, भाऊ,
पैसा त्याच्याकडं जाते."
बाळीवाल्याला आवाज चालत नाही.

मंगळवारी पानठेल्यावरून शिट्टी आली.
मी चादर चारी टोकांनी उचलली, गल्लीत शिरलो.
पट्टे पळतात.
पंधरा किलो गरम शिंगाडे पळत नाहीत.

तिने पोलक्यातून सर्व्हेची पावती काढली,
लॅमिनेशन केलेली.
साहेबांनी वाचली, उलटून पाहिली,
मागे काहीच नव्हतं.
"बाई, ही मोजल्याची पावती आहे,
बसायची नाही."

टोपली, तराजू, डब्बा,
सगळं गाडीत.
गाडी निघाली आणि व्हरायटी चौकाच्या सिग्नलला अडकली.

तेवढ्यात गाडीतून,
कुणाच्यातरी हातगाडीच्या चाकांखालून
मोठ्याने :
"तीस रुपये प्राप्त हुए."

पलीकडच्या फुटपाथवर एक कॉलेजची पोरगी,
एका हातात पुडी, एका हातात फोन.
"काकू, नेट स्लो होतं, आत्ता गेले!"
पथकातला पोरगा हसला,
मग ताडपत्री उचलून आत पाहत राहिला,
कोण बोललं म्हणून.
सिग्नल सुटला.

रात्री नऊला बाळीवाला.
तिने गाठ सोडली : सहाशे चाळीस.
बाकीचे त्याने वहीत चढवले,
उद्याच्या दिवसासकट.

वीट तेवढी जागेवर होती.
वीट कोण जप्त करतं?
तिने कोळसा घेतला,
रेघ ओढली, आडवी मारली.

"आता कोणाची उधारी?"

"थ्या गाडीची," म्हणाली.
"तीस रुपये तिच्यातच बोलले ना."