पांढरं म्हणजे कुठलं

आधी लेन्स पूस, बेगिमाय,
हे मी मलाच सांगते.
लोकरीचा तेलकटपणा बोटांना असतो
आणि बोटं सगळीकडे असतात.

मग जाळीच्या रेषा चालू.
मेंढ्याची शिंगं चौकटीत सरळ बसली पाहिजेत,
नाहीतर हॅम्बुर्गची बाई विचारते,
तुमचा नमदा तिरका आहे का?
नमदा तिरका नाही. अंगण तिरकं आहे.
अख्खं आत-बाशीच डोंगराकडून घरंगळत आलेलं,
तिला कोण सांगणार.

फ्लॅश नको. फिल्टर तर नकोच.
उजेडाची पट्टी थोडी वर,
कारण बर्फ दिसला की फोन दिपतो
आणि बाकीचं सगळं काळवंडून टाकतो.

एवढं येतं मला.
तरी तीन पार्सलं परत आली.
पहिल्या खेपेसारखा निळा नाही हा,
फोटोत कळलं नाही,
फारच निळा आहे.

मी फोनला बोल लावला.
ऑटोवरून काढून आकड्यांवर नेला.
त्याला एकदा पांढरं दाखवायचं असतं,
म्हणजे उरलेले रंग तो स्वतः ओळखतो.
पण पांढरं म्हणजे कुठलं?
सावलीतला बर्फ निळसर.
मीठ करडं.
अपाचा रुमाल, जो ती पांढरा म्हणून बांधते,
तो कधीचाच लोण्यावर गेलेला.
शेवटी तुर्दुबेकच्या पोराच्या वहीतलं
एक कोरं पान फाडून आणलं.
पाच हजार आठशे.
निळा अजूनही फारच निळा.

फेब्रुवारीत नारिनच्या दवाखान्यात
अपाच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटली त्या सकाळी
ती रुमाल हातात धरून म्हणाली,
हा धूत का नाही कुणी?
मग नमद्यांच्या ढिगाकडे गेली.
एक उलगडला. दुसरा.
हा निळा कुणी केला?
तूच, अपा.
एवढा?

डावा डोळा झाकला. उजवा झाकला. पुन्हा डावा.
मला वाटलं, आता रडते.
ती हसायलाच लागली, भिंतीला टेकून.
चार वर्षं पातेल्यात चिमूटभर जास्त टाकत होते, म्हणाली,
रंगात भेसळ आहे म्हणून
झामिरच्या दुकानात दोनदा भांडलेसुद्धा.

दुपारी आम्ही नमदा बर्फावर पसरला.
तिने डाव्या डोळ्याने नमदा पाहिला,
उजव्याने फोन,
हाताचा पंजा पडद्यासारखा इकडून तिकडे.
मी पट्टी सरकवत गेले.
सहा हजार. नाही.
सात. अजून.
सात हजार सहाशेला निळ्याचं शेवाळ झालं,
बर्फाचं तूप,
थंडीने लाल झालेला माझा हात
उकडलेल्या गाजरासारखा.

थांब, म्हणाली. हे.

म्हणजे इथे राहत होती ती.
माझ्या शेजारी, त्याच चुलीपाशी, त्याच कात्रीने कापत,
आणि मी म्हणायचे,
अपा, नीट बघ ना जरा.

मी काही बोलले नाही. फोटो काढला.
फोनने विचारलं, ही सेटिंग ठेवायची?
नाव द्या.
एप्रिलमध्ये दुसरा डोळा.
त्यानंतर या आकड्यात कुणीच राहणार नाही.
तरी लिहिलं, अपा.

रात्री बाकीचे फोटो पाठवताना
तो एक चुकून हॅम्बुर्गला गेला.
सकाळी उत्तर आलं:
हा कुठे होता इतके दिवस?
मला हाच हवा.

मी अपाला वाचून दाखवलं.
ती सुईत दोरा ओवत होती,
पहिल्याच फटक्यात, चार वर्षांत प्रथमच,
आणि तिकडेच बघत म्हणाली,
एप्रिलच्या आत सांगायला सांग तिला.
डावा आहे तोवर करून देईन.